कपाटातला आवाज

मिस्त्रींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती एका खऱ्याखुऱ्या टकटकीवरून. लेकीचा नवाकोरा गेमिंग कॉम्प्युटर घरात येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटातून आधी घूं, मग हुंऽऽ, आणि मधूनच टक् असे आवाज यायला लागले. टक् झालं की मिस्त्री पेपरातून डोकं वर काढायचे आणि पुढच्या टकची वाट बघत बसायचे. ती आली की बायकोकडे असं बघायचे, जणू तिनेच केली.

"अहो, नवीन यंत्र आहे. बोलायचंच थोडं," बायको म्हणायची.

"नवीन यंत्र बोलत नाही. जुनं बोलतं."

मिस्त्री म्हणजे फर्निचरच्या कारखान्यातले जुने सुतार. त्यांना घरीदारी सगळे मिस्त्रीच म्हणत. स्वभावाने माणूस संशयी. दुकानदाराने मोजून दिलेले स्क्रू घरी आणून पुन्हा मोजणार, विकणाऱ्याने सागवान म्हटलं की फळीचा वास घेऊन बघणार. याला ते संशय म्हणत नसत, पारख म्हणत. गुण्या लावून बघितल्याशिवाय कुठल्याही कोपऱ्याला काटकोन म्हणायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम होता आणि तोच त्यांनी माणसांनाही लावला होता. आणखी एक नियम होता. त्यांच्या कानामागे कायम एक चपटी पेन्सिल असायची आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मिस्त्रींच्या लाकडावर खूण करायची ती मिस्त्रींनीच, मालक आला तरी त्याने बोटाने दाखवायचं.

या पारखीतून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर बसायचा, हळू बोलायचा, भांडणात नेहमी हरायचा. मागच्या वर्षी कारखान्यात मिस्त्रींचा उजवा हात करवतीत गेला. बोटं तुटता तुटता राहिली, शिवून जागेवर आली, पण हात कितीतरी महिने पट्टीत होता. तेव्हा हाच साडू सकाळी कामावर जाण्याआधी येऊन मिस्त्रींची दाढी करून द्यायचा. शर्टाची बटणं लावायचा आणि वर "दादा, आज नवरदेव दिसताय" असंही म्हणायचा. ज्याने गळ्यावरून वस्तरा फिरवला त्याच्यावर कसला आलाय संशय?

हात बरा झाला, निदान डॉक्टर तसं म्हणाले. कारखान्यात मालकही गोड बोलला. "घाई नाही, मिस्त्री, जपून." आणि त्याने मिस्त्रींना दिलं काय, तर पॉलिशपेपरने दारं घासायचं काम. सांध्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. मिस्त्री घरी येऊन काही बोलत नसत, पण जेवताना घास उचलायच्या आधी उजव्या हाताकडे एकदा बघून घेत. बायकोला ते दिसायचं आणि लेकीलाही.

लेकीचं घरातलं नाव ठकी. कॉलेजात गेम बनवायला शिकत होती. आधी मिस्त्रींना ते पटलं नव्हतं. "खेळायचं ते खेळायचं, वर त्याचं शिक्षण?" पण हात पट्टीत असताना बसल्या बसल्या ते तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये डोकावू लागले. ठकी गेममध्ये लाकडी घरं उभारत होती. मिस्त्रींनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे आढं असं टेकलं तर घर पडेल गं." तिने आढं बदललं. त्यानंतर नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. तो साडू जुळवून देणार होता आणि त्याच्यासाठी कपाट मिस्त्री करणार होते. हाताला लागल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं स्वतःचं काम.

कपाट करताना त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दोन वेळा पटाशी निसटली, एकदा बोटांत कळ येऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले. पण कपाट झालं. एकमेकांत बोटं गुंतवावीत तसे सांधे, खिळा एकही नाही. वायरींसाठी मागे वायरीपुरतं भोक, त्यालाही धूळ जाऊ नये म्हणून जाड लोकरीची कड. शेवटी दार लावून बघितलं, तर आतली हवा बाहेर पडायला फट सापडेना. दार बोटभर अंतरावर थबकलं आणि मग फुस्स करून हळूच बसलं. मिस्त्रींनी ते उघडलं, पुन्हा लावलं. फुस्स. पुन्हा उघडलं. आणि मोठ्याने हसले. अपघातानंतर ते पहिल्यांदाच असे हसले होते. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली.

"माझ्या सांध्यात हवा शिरणार नाही, हवा!" मिस्त्री म्हणाले.

साडू कॉम्प्युटर घेऊन आला तेव्हा त्यालाही दार लावून दाखवलं. साडूने कपाटावरून हात फिरवला. "दादा, हात परत आला तुमचा," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मग तो कपाटाच्या मागे वाकला, आत बघितलं, उभा राहिला. "पण दादा, हे मागून..."

"काका, चहा निवतोय!" ठकी एकदम म्हणाली. चहा अजून झालाही नव्हता. ती काकाला गॅलरीत घेऊन गेली आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. साडू परत आला तो मान खाली घालून. कॉम्प्युटर दोन दिवसांसाठी पुन्हा घेऊन गेला. "थोडं काम राहिलंय," म्हणाला.

हे सगळं मिस्त्रींनी बघितलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आता कपाटातून टक् टक् ऐकू यायला लागल्यावर मात्र ते एकेक आठवू लागलं. झालेल्या कामात आणखी काय राहिलं होतं? आणि गॅलरीत कुजबुज कशाला?

आवाजाची लक्षणंही ठीक नव्हती. मिस्त्री ऐकायला जवळ गेले, कपाटाचं दार उघडलं, की तो आवाज थोड्या वेळात हळूहळू खाली येई आणि गप्प होई. दार लावून खुर्चीत बसले की पुन्हा हळूच सुरू. चोरून काहीतरी करणारी पोरं मोठ्यांची चाहूल लागली की अशीच गप्प होतात. आणखी विचित्र म्हणजे, कामावरून ते घरी येत तेव्हा ठकी कॉम्प्युटरपुढे बसलेली असे आणि आवाज नसे. त्यांनी बूट काढून हातपाय धुवेपर्यंत कपाटाला कंठ फुटलेला असे.

"दिवसा पण असाच वाजतो का गं?"

"वाजतो की. थोडासा." ठकीला खोटं बोलता येत नाही. बोलली की तिचे कान लाल होतात. ते झालेच.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मिस्त्रींनी साडूला फोन केला. "पंखे आहेत दादा, वाजणारच," साडू म्हणाला, "दार जरा उघडं ठेवत जा ना."

"दार उघडं ठेवायला दार केलं का मी?"

"बरं दादा," म्हणून साडूने फोन ठेवला.

रविवारी दुपारी मायलेकी बाहेर गेल्या आणि मिस्त्रींनी पेचकस काढला. कॉम्प्युटरचा डबा कपाटातून बाहेर घेतला, बाजूची काच उतरवली. यंत्रातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण जुनं आणि नवं यातला फरक कळायला पदवी लागत नाही. आतले सगळे भाग कोरे होते. मधोमध मात्र एक भलंमोठं धूड बसवलेलं होतं, पत्र्याच्या पात्यांचं, त्याला जोडून दोन पंखे. ठकीने त्याला कूलर म्हणतात असं सांगितलं होतं, मेंदू तापू नये म्हणून असतो. त्याच्या पात्यांच्या खाचांत धूळ होती. एका कोपऱ्याला पोचा होता. पंख्यावर ओरखडे होते. मिस्त्रींनी माळ्यावरून रिकामी खोकी काढली. कूलरच्या खोक्यावरचं चित्र बघितलं. चित्रातला कूलर लहान होता, एकाच पंख्याचा. आत बसलेला हा नव्हेच.

मिस्त्री जमिनीवर बसले. आनंद व्हायला हवा होता, पारख खरी ठरली होती. झालं उलटंच. हात आपसूक गळ्याकडे गेला, जिथून तो वस्तरा फिरायचा तिथेच.

संध्याकाळी साडूला बोलावलं. बायको आणि ठकी समोरच होत्या. मिस्त्रींनी उघडा डबा दाखवला.

"हा जुना आहे ना?"

साडूने बघितलं. "हो."

"कुणाचा?"

"माझ्याच मशीनचा आहे, दादा."

"आणि आमचा नवा?"

"माझ्याकडे आहे. खोक्याबाहेर आहे, पण वापरलेला नाही."

"का बदललात?" मिस्त्रींनी विचारलं. साडूला ते कायम अरे-तुरे करत. हे "बदललात" ऐकून बायकोने मान वर केली.

साडूने ठकीकडे बघितलं. ठकी जमिनीकडे बघत होती. "तो इथे टिकला नसता," साडू म्हणाला. "हा मोठा आहे."

"म्हणजे जुना चांगला आणि नवा वाईट! असं ज्ञान कुठल्या शाळेत मिळतं हो?"

दुसऱ्या दिवशी येऊन साडूने डबा दुकानात नेला. मिस्त्री मागोमाग गेले, न सांगता काउंटरसमोर जाऊन उभे राहिले. नवा कूलर त्यांच्या डोळ्यांदेखत बसला. दुकानातल्या उघड्या टेबलावर कॉम्प्युटर तासभर चालवला, तर हूं नाही की चूं नाही. घरी आणला, कपाटात ठेवला, दार फुस्स करून लागलं. ठकीने गेम सुरू केला. घूं झालं, हुंऽऽ झालं, मग असा काही आक्रोश सुरू झाला की शेजारीण डोकावून गेली. टक् टक् टक्. आणि फट्‌दिशी सगळं बंद. पडदा काळा.

ठकी काळ्या पडद्याकडे बघत बसली. मिस्त्री साडूकडे बघत होते. तो सोफ्याच्या कडेला अवघडून बसला होता, हातातला चहा तसाच.

"दुकानात गप्प, माझ्या घरात बोंब," मिस्त्री म्हणाले. "डोळ्यांसमोर बसवलंत, तरी माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत. दाढी करता करता अंदाज घेत होतात का, की हा आता लुळा झाला, याला काय कळतंय?"

"अहो!" बायको ओरडली.

"चोर आहात तुम्ही. घरातले म्हणून जास्त वाईट."

"बाबा, ऐका—" ठकी उभी राहिली.

"ठकी, नको," साडू म्हणाला. कप खाली ठेवला, बूट घातले. नाडी बांधायला त्याला वेळ लागला. मग गेला.

त्या दिवसापासून दोन बहिणींचे फोन बंद झाले. बायको मिस्त्रींशी कामापुरतं बोलू लागली, तेही भिंतीकडे बघून. ठकी ताटावर बसायची आणि अर्ध्यातून उठायची. साडूने जुना कूलर दारात ठेवून दिला होता, चिठ्ठी नाही, काही नाही. तो ठकीने कॉलेजातल्या कुणाच्या मदतीने परत बसवला. कपाट पुन्हा पूर्वीसारखं वाजू लागलं. मिस्त्रींनी ठरवून टाकलं होतं, त्या घराची पायरी आता चढायची नाही. ठरवलं खरं, पण सकाळी स्वतःची दाढी करताना हात गळ्यापाशी आला की आरशात बघायला नको वाटे.

आणि एवढं होऊनही पाल गप्प बसेना. ठकीने "ऐका" म्हटलं होतं, ते काय? साडूने तिला गप्प का केलं? लेकही सामील आहे की काय? खाई त्याला खवखवे म्हणतात. मग ती जेवत का नव्हती?

त्या आठवड्यात कारखान्यात दुपारी वीज गेली आणि मालकाने सगळ्यांना घरी सोडलं. मिस्त्री नेहमीच्या आधीच घरी आले. बायको बाजारात गेली होती. दार नुसतंच लोटलेलं होतं. त्यांनी ते आवाज न करता उघडलं. मनात होतंच, आज बघूच.

ठकी टेबलापाशी बसली होती. कानाला हेडफोन नाही, गेमचा आवाज बंद केलेला, पडद्यावर गेम जोरात चाललेला, तिची बोटं भराभर पळत होती. कॉम्प्युटर कपाटात नव्हता. तो टेबलावर तिच्या कोपराशी उभा होता, मोकळा. कपाट भिंतीशी उघडं, रिकामं. आणि खोलीत इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

"हे असं का?" मिस्त्री म्हणाले.

ठकी दचकून उठली, खुर्ची मागे पडली. "तुम्ही इतक्या लवकर? बाबा, मी आत्ता ठेवते, पुसायला काढला होता..." ती डबा उचलू लागली. कान लाल.

"ठेव खाली. रोज काढतेस?"

ती रडायला लागली. मिस्त्री उभेच राहिले. रडं ओसरल्यावर ती म्हणाली, "त्याला हवा लागते, बाबा. पुढून आत घेतो, मागून गरम बाहेर टाकतो. तुमच्या कपाटात त्याला घ्यायलाच हवा नाही. तीच तीच गरम हवा फिरत राहते, मग तो आणखी जोरात पंखे फिरवतो. आणि ते टक् टक् तर तुमचं लाकूड तापून वाजतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ते दार लावलंत आणि हसलात." तिने डोळे पुसले. "काकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते सांगणार होते, मी त्यांना गॅलरीत नेऊन शपथ घातली. मग ते म्हणाले, असं असेल तर माझा मोठा कूलर काढून देतो, निदान जळणार तरी नाही. त्यांचं मशीन तेव्हापासून बंद पडलंय, बाबा."



"चोर म्हणालात तेव्हा मी सांगणारच होते. ते घरी गेल्यावर मी फोन केला त्यांना. म्हणाले, 'चोर म्हटल्याने मी काही झिजत नाही, ठकी. दादांना जरा चार कामं हातावेगळी करू दे, हात पक्का होऊ दे. मग सांगू आपण.'"

मिस्त्रींनी डबा उचलला, कपाटात ठेवला, वायरी जोडायला लावल्या. गेम सुरू करायला सांगितला आणि दार लावलं. फुस्स. मग उजव्या हाताचा तळवा कपाटाच्या मागच्या फळीवर ठेवून उभे राहिले. थोड्या वेळाने लाकूड कोमट झालं. मग गरम. घूं सुरू झालं. टक् झालं ते त्यांना शिवलेल्या बोटांखाली नीट जाणवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साडूला गुण्या लावून बघितला, लेकीला लावला, कपाटाला लावायचं तेवढं राहिलं होतं.

पण सांधा मात्र खरंच असा बसला होता की हवेला वाट नव्हती. याच हाताने बसवलेला सांधा. हसावं की रडावं हे न कळून मिस्त्रींनी दोन्ही केलं, आणि ठकी घाबरून बघत राहिली.

दुकानात गर्दी नव्हती. साडू काउंटरवर कुणाचा तरी मोबाइल उघडून बसला होता. समोर सावली पडली म्हणून त्याने वर बघितलं. मिस्त्री उभे होते, खांद्यावर कपाटाची मागची फळी, हातात गिरमिटाची पिशवी. फळी त्यांनी काउंटरवर आडवी ठेवली. मोबाइलचे बारके स्क्रू इकडेतिकडे उडाले.

"भोकं कुठे पाडायची, खूण करून दे," मिस्त्री म्हणाले. आणि कानामागची पेन्सिल काढून पुढे केली.

साडूने पेन्सिलीकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"चोराच्या हातात पेन्सिल देताय, दादा?"

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणाला, नेहमीसारखाच.

"चुकलो रे," ते म्हणाले. "तू माझा गळा सांभाळलास आणि मी तुझाच धरला. धर ही. माझ्याच्याने खूण होणार नाही, मला हवेची वाट कळत नाही."

साडूने पेन्सिल घेतली. फळीवर बराच वेळ नुसता हात ठेवून राहिला. मग वरच्या कोपऱ्यात एक गोल काढला, बटणाएवढा.

"एवढ्याशा भोकातून तुला श्वास घेता येईल का?" मिस्त्री म्हणाले. "मोठा काढ."

"चांगली फळी आहे, दादा. जीव होत नाही."

"फळी मी दुसरी करीन. काढ म्हणतो ना."

साडूने मोठा गोल काढला. त्याच्या शेजारी दुसरा, खाली आणखी. मिस्त्रींनी गिरमिट टेकवलं आणि उजव्या हाताने फिरवायला सुरुवात केली. लाकडाचा भुसा काउंटरवर पडू लागला. साडू पलीकडून फळी घट्ट धरून उभा होता. मध्येच त्याचा फोन वाजला, त्याने बायकोचं नाव बघितलं आणि म्हणाला, "हो, इथेच आहेत. ताईला कळव." बोलता बोलता त्याने पेन्सिल आपल्या कानामागे खोचली.

मिस्त्रींनी ती बघितली. परत मागितली नाही.